शोभेचं गवत कधी आणि किती खाली छाटावं?

तुमचा प्रश्न असा, की बागेतलं शोभेचं गवत वाळून पेंढीसारखं झालंय, ते आताच कापू की थांबू, आणि किती खाली कापू. शिवाय कुणीतरी तुम्हाला 'सगळं सरसकट जमिनीलगत उडवा' असंही सांगितलंय. ते तेवढं करू नका. हाच सल्ला ऐकून मी एका वर्षी ब्लू फेस्क्यू या निळसर, बारमाही हिरव्या गवताचे सहा ठोंब भादरले होते, त्यातले दोनच पुन्हा फुटले.

कारण ही सगळी गवतं एका स्वभावाची नसतात. मिस्कँथस, स्विच ग्रास, बहुतेक फाउंटन ग्रास ही उबेत वाढणारी. थंडी पडली की ती बुडापासून शेंड्यापर्यंत भुरी होतात आणि झोपी जातात. ही खुशाल खाली कापायची, जमिनीपासून 10 ते 15 सेंमी ठेवून. पण वाळल्याबरोबर नव्हे, थंडी संपत आली की. वाळलेली पाती आतल्या गड्ड्याला पांघरूण असतात, आणि थंडीच्या तोंडावर कापलं तर पोकळ काड्यांत पाणी साचून गड्डा कुजू शकतो. तुरेही तोवर छान दिसतात, पाखरं त्यातलं बी टिपतात, मग घाई कशाला?

जिथे कडाक्याची थंडीच नसते तिथे ही गवतं पूर्ण वाळतीलच असं नाही. तिथे वर्षातून एकदा, वाढीचा हंगाम सुरू व्हायच्या जरा आधी, ठोंब मरगळलेला दिसला की छाटावं.

मी तारीख बघत नाही. ठोंब दोन्ही हातांनी फाकवून बुडाशी बघतो. हिरवे कोंब टोक काढू लागले की आजच कात्री घ्यायची. गवताचं पातं शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढतं. म्हणून तर छाटणी त्याला सोसते. पण त्याच कारणाने नव्या पात्याचं टोक एकदा कापलं गेलं की ते पुन्हा येत नाही, आणि पुढे महिनोन्‌महिने ती पाती केस कापल्यासारखी बोथट दिसतात. उशीर झाला म्हणून ठोंब मरत नाही, फक्त रूप जातं. उशीर झालाच असेल तर कोंबांच्या वरून कापा, नेहमीपेक्षा चार बोटं उंच राहिलं तरी चालेल.

कार्ल फोर्स्टर नावाचं सरळ उभं राहणारं गवत तुमच्याकडे असेल तर ते गारव्यातच जागं होतं. तेही वरच्याइतकंच खाली कापायचं, पण मिस्कँथसच्या दोन-तीन आठवडे आधी. (नाव एका जर्मन रोपवाटिकावाल्याचं, 1874 ते 1970. अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने 2001 साली या गवताला त्या वर्षीचं रोप म्हणून निवडलं होतं.)

आणि ब्लू फेस्क्यू, ब्लू ओट ग्रास यांसारखी बारमाही हिरवी-निळी गवतं? त्यांना कात्री लावूच नका. हातमोजे घालून बोटं फणीसारखी खालून वर फिरवा, मेलेली पाती आपोआप हातात येतात. केरेक्सचंही तेच. तसं ते गवत नव्हेच, लव्हाळ्याच्या कुळातलं. यातलं एखादं फारच भकास झालं असेल तर वरचा तिसरा हिस्सा कापा, त्याहून जास्त नाही.

आता कापायची रीत. आधी ठोंबाला कमरेशी सुतळीने घट्ट बांधा आणि सुतळीच्या खाली कापा. सगळी पेंढी एकसंध उचलली जाते. न बांधता कापलंत तर पुढचे दोन दिवस बागभर काड्या वेचत बसाल. लहान ठोंबाला कुंपण छाटायची कात्री पुरते. जुन्या मिस्कँथसच्या काड्या बोरूसारख्या टणक होतात, तिथे छाटणीची करवत किंवा विजेवर चालणारा ट्रिमर लागतो. पात्यांच्या कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात, तेव्हा लांब बाह्या आणि जाड हातमोजे हवेतच. पंपास ग्रासच्या बाबतीत तर चष्माही घाला, वाकताना पातं डोळ्यात जायला वेळ लागत नाही. कापण्याआधी काठीने ठोंब हलवून बघा. आत एखादा जीव मुक्कामाला असू शकतो.

कापल्यावर ठोंब मध्येच टकला आणि कडेने दाट दिसला, तर तो जुना झालाय. नवे कोंब निघताना कुदळीने उपटून त्याचे तुकडे करा, मधला मेलेला भाग फेका, कडेचे लावा. खताची हौस मात्र आवरा. फार खाऊ घातलेलं गवत उंच होतं आणि तुरे आले की लोळण घेतं. कापलेला पेंढा बारीक करून झाडांच्या आळ्यात पसरा. कंपोस्टमध्ये अख्खा टाकला तर तो लवकर कुजत नाही.

आपलं गवत कोणतं हेच माहीत नसेल, तर यंदाची थंडी नुसतं बघा. सगळं भुरं झालं तर शेवटी खाली कापा, बुडाशी हिरवं राहिलं तर फक्त विंचरा.