रेसचं थेट प्रक्षेपण रेकॉर्ड करताना फ्रेम का हरवतात, फाईल का उघडत नाही

तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: पुण्याच्या पावसाळी हंगामातल्या रेस लॅपटॉपवर पाहता पाहता ओबीएसने (पडदा रेकॉर्ड करणारं मोफत सॉफ्टवेअर) रेकॉर्ड करता, ब्राउझरमध्ये चित्र नीट असतं, पण रेकॉर्डिंगमध्ये घोडे अडखळत पळतात, दुपारभराची फाईल अवाढव्य होते, आणि मध्येच वीज गेली त्या दिवशीचं एमपीफोर उघडतच नाही. शिवाय फिनिशला फ्रेम थांबवून कोण पुढे होतं ते ठरवता येईल का, असंही विचारलंय.

उघडत नसलेल्या फाईलचं आधी. एमपीफोरमध्ये कुठली फ्रेम फाईलमध्ये कुठे आहे याची सूची रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. वीज गेली की सूची लिहायची राहते आणि आतलं सगळं चित्र शाबूत असूनही प्लेयरला ते सापडत नाही. म्हणून ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट, त्यात रेकॉर्डिंग, तिथे फॉरमॅट एमकेव्ही करा. एमकेव्ही अर्ध्यात तुटली तरी तुटेपर्यंतचं सगळं दिसतं. नंतर फाईल मेन्यूतल्या रीमक्स रेकॉर्डिंग्जमधून तिचं एमपीफोर करता येतं. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे नव्याने दाबलं जात नाही, नुसतं डब्यातून डब्यात जातं, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम एकदोन मिनिटांत होतं. नव्या आवृत्त्यांत हायब्रिड एमपीफोर मिळतं, तेही चालेल. जुनी बिघडलेली फाईल टाकू नका. त्याच सेटिंगने केलेली एखादी चांगली फाईल नमुना म्हणून दिली, तर अनट्रंक नावाच्या मोफत साधनाने बऱ्याचदा ती दुरुस्त होते.

आता अडखळणं. रेसच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लोक रिझोल्युशनच्या मागे लागतात, पण ७२० ओळींचं अखंड चित्र हे फ्रेम गाळत जाणाऱ्या १०८० पेक्षा कितीतरी उपयोगी. घोडा ताशी ६० किलोमीटरने पळतो म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात दोन फ्रेमच्या मध्ये तो जवळजवळ ६७ सेंटिमीटर पुढे जातो. एक फ्रेम हरवली की १.३ मीटरची उडी, म्हणजे अर्ध्या लेंथहून (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जास्त. शेवटच्या २०० मीटरला घोड्याला जेमतेम १२ सेकंद लागतात, २५ च्या हिशोबाने ३०० फ्रेम. तुम्हाला जे अभ्यासायचंय ते सगळं त्या ३०० फ्रेममध्ये असतं.

आधी मूळ स्ट्रीम किती फ्रेमची आहे ते बघा. यूट्यूबवर असेल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. रिझोल्युशनच्या पुढे फ्रेमचा आकडा असतो आणि ब्राउझरनेच किती फ्रेम गाळल्या तेही तिथेच दिसतं. तिथला गाळलेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर दोष रेकॉर्डिंगचा नाही, आधी ब्राउझर हलका करा.

आपल्याकडचं प्रक्षेपण बहुधा २५ किंवा ५० फ्रेमचं असतं, आणि लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारा. इथेच गोम आहे. २५ ची फ्रेम ६० च्या पडद्यावर कधी दोन ठोके राहते, कधी तीन. अशा वेळी ओबीएस २५ वर ठेवणं तर्काला पटतं, पण ते चुकतं. स्ट्रीमचं घड्याळ वेगळं, ओबीएसचं वेगळं. ओबीएस दर ४० मिलिसेकंदांनी चित्र टिपतं, तर पडद्यावरची एखादी फ्रेम ३३ मिलिसेकंदच टिकते. ती दोन टिपण्यांच्या मधून निसटते आणि पुढची दोनदा टिपली जाते. डोळ्याला हेच अडखळणं म्हणून जाणवतं. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, तिथे कॉमन एफपीएस ६० करा. मग प्रत्येक मूळ फ्रेम किमान एकदा तरी पकडली जाते. जादा प्रती येतात, पण सारख्या फ्रेम दाबल्या जाताना नगण्य जागा घेतात. लॅपटॉप जुना असेल आणि स्ट्रीम २५ ची असेल तर ३० वर भागेल. पडद्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ मिळत असेल तर पडदा ५० आणि ओबीएसही ५०, हे सर्वात उत्तम.

त्याच पानावर बेस आणि आउटपुट दोन्ही रिझोल्युशन स्ट्रीमइतकी ठेवा. ७२० च्या स्ट्रीमचं १०८० करून तपशील वाढत नाही, फाईल आणि प्रोसेसरचा भार मात्र वाढतो.

एन्कोडर (चित्र दाबणारा भाग) हार्डवेअरचा निवडा: एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हेंक, इंटेलच्या साध्या लॅपटॉपवर क्विकसिंक. एक्स२६४ नेही चित्र चांगलं येतं, पण ते प्रोसेसरवर चालतं, आणि नेमका घोळका स्ट्रेटमध्ये (फिनिशकडच्या सरळ पट्ट्यात) वळला की तिथेच दम तुटतो. कारण रेसचं चित्र दाबायला फार अवघड आहे. बारीक पोत असलेलं हिरवं गवत, त्यावरून सतत सरकणारा कॅमेरा आणि पुढे दहाबारा घोडे, म्हणजे पडद्याचा कोपरा न् कोपरा बदलत असतो. बातम्यांच्या निवेदकाला पुरणारा बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला दिलेला डेटा) इथे गवताचा हिरवा चिखल करतो आणि जॉकीच्या टोपीचा लाल आणि मरून एकमेकांत मिसळतो. मूळ स्ट्रीम आधीच दाबलेली असते, तुम्ही ती दुसऱ्यांदा दाबता, म्हणून रेकॉर्डिंगचा बिटरेट स्ट्रीमच्या दुप्पट तरी हवा. ७२० साठी सीबीआर (कायम एकच बिटरेट) ८,००० केबीपीएस ठेवा. हिशोबही सोपा होतो: सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३.६ जीबी, चार तासांच्या दुपारला साधारण साडेचौदा.

कीफ्रेम म्हणजे आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम. कीफ्रेम इंटरव्हल आपोआपवर सोडू नका, १ सेकंद करा. कापताना आणि फ्रेम मागेपुढे करताना याचा केवढा उपयोग होतो ते पुढे येईलच.

सेटिंग झाल्यावर डॉक्समधून स्टॅट्स उघडून ठेवा. रेंडरिंग लॅगने फ्रेम जात असतील तर ग्राफिक्सवर ताण आहे. ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद करा. एन्कोडिंग लॅगने जात असतील तर एन्कोडर बदला किंवा प्रीसेट हलका करा. नेटवर्कचा ड्रॉप्ड फ्रेमचा रकाना तुम्ही स्वतः प्रसारण करत असाल तरच कामाचा, रेकॉर्डिंगशी त्याचा संबंध नाही. दोन्ही आकडे शून्यावर राहिले तरच सेटिंग जमलं असं समजा. ही चाचणी रेसच्या आदल्या दिवशी कुठल्याही जुन्या रेसच्या व्हिडिओवर दहा मिनिटं करा. रेसच्या दिवशी काहीही बदलू नका.

फाईलच्या आकाराचं खरं उत्तर रीप्ले बफर: तो शेवटची काही मिनिटंच मेमरीत धरून ठेवतो आणि सांगितलं तरच फाईल करतो. १,२०० मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते आणि दोन रेसमध्ये साधारण अर्धा तास जातो, मग दुपारभराचं सगळं कशाला साठवायचं? आउटपुटमध्ये रीप्ले बफर चालू करा आणि वेळ ३६० सेकंद ठेवा. मुळात तिथे २० सेकंद असतात, ती न बदलल्याने अनेकांच्या हाती फक्त फिनिश लागते. सहा मिनिटांना वरच्या बिटरेटने ३६० मेगाबाइट मेमरी लागते. मग हॉटकीजमध्ये (कीबोर्डवरची झटपट बटणं) सेव्ह रीप्लेला एक बटण द्या. रेस संपली, घोडे पुल-अप झाले, म्हणजे वेग कमी करून थांबले, की बटण दाबा. गेटमध्ये घोडे चढवण्यापासूनचा तुकडा फाईल होऊन पडतो. मुख्य खिडकीतलं स्टार्ट रीप्ले बफर दाबायला विसरू नका, ते चालू नसेल तर हॉटकी मुकाट राहते.

वेळेवर भरवसा ठेवू नका. रेस कार्डवरची वेळ पुढे सरकते आणि थेट स्ट्रीम प्रत्यक्षाच्या वीस-तीस सेकंद मागेही असू शकते, म्हणून पडद्यावर दिसेल त्यावरच बटण. बफर मेमरीत असतो, वीज गेली की गेला. त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी धड नसेल तर सोबत साधं रेकॉर्डिंगही चालू ठेवा. दोन्ही एकच एन्कोडर वापरतात, वेगळा भार पडत नाही. पॅडॉकमधली (रेसआधी घोडे फिरवतात ती जागा) घोड्याची चाल आणि घाम हे रीप्लेच्या क्लिपमध्ये सहसा मिळत नाही, आणि अभ्यासाला तेच सोनं आहे. त्यासाठीही पूर्ण रेकॉर्डिंग ठेवून संध्याकाळी हवं ते कापून घेणं बरं.

काळा पडदा येत असेल तर विंडो कॅप्चरमध्ये कॅप्चर मेथड विंडोज १० वाली निवडा, नाहीतर ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर काळा दिसला तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला पॉवर सेव्हिंग द्या. एवढं करूनही काळंच राहिलं तर त्या साइटने चित्राला कुलूप घातलंय असं समजा, आणि ते तोडायच्या भानगडीत पडू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ मध्ये प्रक्षेपणाचं स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग उल्लंघनात धरलेलं नाही. पण कुलूप तोडणं हा वेगळा विषय आहे, साइटच्या अटीही वाचाव्या लागतात, आणि रेकॉर्डिंग गटावर टाकलं की ते खासगी राहत नाही.

ब्राउझरची विंडो मिनिमाइझ करू नका, दुसऱ्या विंडोखाली पूर्ण झाकूही नका. ब्राउझर न दिसणारं चित्र रंगवणं थांबवतो आणि रेकॉर्डिंगमध्ये घोडे जागच्या जागी गोठतात. आवाजासाठी डेस्कटॉप ऑडिओ बंद करून ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर लावा आणि फक्त ब्राउझर निवडा, म्हणजे कॉमेंट्रीत व्हॉट्सॲपची टिंगटिंग येणार नाही. आवाज हळूहळू मागे पडत असेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि ओबीएसमध्ये दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ आहे ना ते बघा.

नेटवर्कचं: स्ट्रीमची क्वालिटी ऑटोवर ठेवू नका. जरा वेग घसरला की ती ३६० वर उतरते आणि सावरायला लागणाऱ्या सेकंदांतच फिनिश होऊन जाते. ७२० वर कायम करा, वायफायऐवजी केबल लावा. पुण्यात पावसात वीज जातेच, तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर हवेत. लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि राउटर मेलेला असेल तर काय फायदा? मोबाइल हॉटस्पॉटवर जायची वेळ आली तर ३ एमबीपीएसची स्ट्रीम तासाला १.३५ जीबी खाते हे लक्षात असू द्या. दिवसाला दीड-दोन जीबीचा प्लॅन तिसऱ्या-चौथ्या रेसलाच संपेल. स्लीप बंद, लॅपटॉपचं झाकण उघडं, चार्जर लावलेला. रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवरच करा. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

कापायला लॉसलेसकट वापरा. ते पुन्हा एन्कोड करत नाही, पण कापाची सुरुवात कीफ्रेमवरच पडते. ओबीएसच्या आपोआप सेटिंगमध्ये एक्स२६४ ची कीफ्रेम दर २५० फ्रेमला येते, ६० च्या वेगाला चार सेकंदांहून जास्त. गेट उघडायच्या क्षणी काप हवा आणि तो चार सेकंद आधी पडतो, तो यामुळे. एक सेकंद केल्यावर हा त्रास जातो. फायलींना नाव देताना वर्ष, महिना, दिवस, मग मैदान, रेस क्रमांक आणि अंतर या क्रमाने द्या, म्हणजे फोल्डर आपोआप तारखेने लागतो.

फिनिश बघायला एमपीव्ही प्लेयर घ्या. त्यात पूर्णविरामाच्या बटणाने एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाच्या बटणाने एक फ्रेम मागे जाता येतं. व्हीएलसीत पुढे जाता येतं, पण नेहमीच्या तिसऱ्या आवृत्तीत मागे येता येत नाही. घोड्यांच्या पायांना कंगव्यासारखे दाते दिसले तर स्ट्रीम इंटरलेस्ड (सम-विषम ओळी आळीपाळीने दाखवणाऱ्या) चित्रापासून नीट न बदलता बनवलेली आहे. ते दाते चित्रातच मुरलेले असतात, तुमच्याकडच्या कुठल्याही सेटिंगने जाणार नाहीत.

फ्रेम थांबवून कोण पुढे होतं ते ठरवता येईल का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. एक लेंथ म्हणजे साधारण २.४ मीटर, आणि नाक किंवा शॉर्ट हेडचा फरक काही सेंटिमीटरचा. तुमच्या दोन फ्रेमच्या मध्ये ६७ सेंटिमीटर जातात, म्हणजे नाक रेषेला लागलं तो क्षण तुमच्याकडे नसण्याचीच शक्यता जास्त. फोटो फिनिशचा कॅमेरा वेगळ्याच जातीचा असतो: तो फक्त रेषेवरची एक अरुंद फट सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून चित्र बनवतो. शिवाय कोनाचा घोळ आहे. प्रक्षेपणाचा कॅमेरा रेषेच्या अगदी सरळ रेषेत नसेल तर आतल्या रेलचा आणि बाहेरचा घोडा यांच्यातलं अंतर खोटं दिसतं. कॅमेरा पोस्टच्या (फिनिश रेषेवरच्या खांबाच्या) अलीकडे असेल तर त्याच्या जवळचा घोडा पुढे भासतो, पलीकडे असेल तर मागे पडल्यासारखा. तपासायचं असेल तर पुढचा आणि मागचा विनिंग पोस्ट चित्रात एकावर एक आलेत का ते बघा. तसे आले नसतील तर त्या फ्रेमवरून दोन घोड्यांचा क्रम ठरवू नका. रेकॉर्डिंगवरून ठरवण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत: कुठला घोडा बेंडला बाहेर फेकला गेला, कोणाला घोळक्यात वाट मिळाली नाही, जॉकीने चाबूक कुठल्या खांबापाशी उचलला, आणि पोस्ट ओलांडल्यावर कोण अजून पुढे जायला ओढत होता.