कोऱ्या स्लाइडला निगेटिव्ह म्हणायची घाई करू नकोस

तुझा मेसेज वाचला. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या थिसिसच्या ६० केसेसपैकी ११ मध्ये पी५३ चा, म्हणजे पेशीची बेफाम वाढ रोखणाऱ्या त्या प्रोटीनचा, स्टेन (रंग) अजिबात आला नाही म्हणून तू त्या निगेटिव्हमध्ये टाकल्यास आणि आता सर्व्हायव्हलशी, म्हणजे पेशंट किती जगले त्याच्याशी, पी५३ चा काही संबंधच दिसत नाही म्हणतेस. अगं थांब, ते टेबल अजून गाईडना पाठवू नकोस.

नॉर्मल पेशीत पी५३ बनतं आणि एमडीएम२ नावाचं दुसरं प्रोटीन त्याला लगेच मोडीत काढायला लावतं, जेमतेम २० मिनिटांचं आयुष्य, म्हणून तिथे स्टेन फिका, कुठे आहे कुठे नाही असा. मिससेन्स म्युटेशन झालं, म्हणजे प्रोटीनचा एखादाच घटक बदलला, की तेच प्रोटीन मोडत नाही, न्यूक्लियसमध्ये साचत जातं आणि सगळा ट्यूमर गडद तपकिरी दिसतो, म्हणजे गडद दिसलं म्हणून पी५३ काम करतंय असं नाही, उलट ते कामातून गेलंय. आणि नॉनसेन्स किंवा फ्रेमशिफ्ट म्युटेशन असेल, म्हणजे प्रोटीन अर्धवटच तुटत असेल, तर बहुतेक वेळा प्रोटीनच सापडत नाही, ट्यूमर पूर्ण कोरा! मग तो कोरा ट्यूमर फिक्यांच्या रांगेत कसा बसेल, तो गडदवाल्यांचाच भाऊ आहे ना. फक्त आधी शेजारच्या नॉर्मल पेशी, म्हणजे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) आणि स्ट्रोमा (ट्यूमरभोवतीची आधार-ऊती), बघ, तिथे थोडातरी फिका स्टेन पाहिजे, तिथेही काहीच नसेल तर स्टेनिंग फसलंय, परत लाव.

माझ्या थिसिसमध्ये मी नेमकं हेच केलं होतं, कोरे आणि फिके एका गटात, आणि कुणी पकडलंही नाही. त्यातले बरेच पेशंट तोवर गेले होते गं, आणि त्यांची केस मी चुकीच्या रकान्यात लिहून ठेवली. अजून लागतं ते.

किती पेशी रंगल्या की पी५३ जास्त धरायचं, कटऑफ १० टक्के की ५० टक्के, हे सर्व्हायव्हलचा डेटा उघडायच्या आधी लिहून ठेव, नंतर जमेल तसा सरकवू नकोस. स्मॉल सेल हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार वेगळा काढ, तिथे टीपी५३ (पी५३ चं जनुक) आणि आरबी१ (तसंच वाढ रोखणारं दुसरं जनुक) जवळजवळ सगळ्यांतच गेलेले असतात, तुलना कुणाशी करणार? आणि स्टेज, वय, केमो मिळाली की नाही हे सोबत घेच. कॅनडातली जेबीआर.१० ट्रायल बघ, स्टेज १बी आणि २ चे ४८२ पेशंट, ऑपरेशननंतर काहींना सिस्प्लाटिन-व्हिनोरेलबिन आणि काहींना नुसतं फॉलो-अप. त्यांच्यातल्या उपलब्ध ब्लॉक्सवर (मेणात जपलेल्या ट्यूमरच्या तुकड्यांवर) २००७ साली जे छापून आलं त्यात केमो न घेतलेल्यांमध्ये पी५३ जास्त असलेल्यांचं आयुष्य कमी भरलं, पण केमोचा फायदाही पी५३ जास्त असलेल्यांनाच जास्त झाला. तू दोन्ही प्रकारचे पेशंट एकत्र मोजलेस तर हे एकमेकांना खाऊन टाकणार आणि तुला वाटणार संबंधच नाही. तरी आजही औषध ठरवताना ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ अशा ट्यूमरच्या दुसऱ्या खुणा बघतात, पी५३ वरून ठरवत नाहीत, तेव्हा निष्कर्षात मोठं बोलू नकोस.

रविवारी सकाळी त्या ११ स्लाइड्स आणि त्यांच्या एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइड्स) घेऊन घरी ये, मायक्रोस्कोप आहे माझ्याकडे, एकेक करून बघू.