वाचकांचे प्रश्न : निबंध वहीत उतरला, पण लिहिला कोणी?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. सावित्रीबाई फुले यांच्यावरील निबंध तिने चॅटजीपीटीकडून तयार करून घेतला आणि सुवाच्य अक्षरात वहीत उतरवला. बाईंनी ‘छान’ असा शेरा दिला. परंतु भिडे वाड्यातील शाळेचे साल त्यात १८५२ असे पडले आहे. अभ्यासासाठी ही साधने वापरू द्यावीत, की मोबाइलच काढून घ्यावा?
— एक पालक, सातारा

उत्तर : आपण साल तपासलेत, हे फार बरे झाले. भिडे वाड्यातील शाळा १८४८ ची. १८५२ मध्ये जोतीरावांचा पुण्यात सरकारतर्फे सत्कार झाला होता. चूक अशी खऱ्याच्या शेजारची असली की ती सहसा नजरेतून सुटते. ही साधने मुळात अफाट मजकुराच्या सरावावरून पुढे कोणता शब्द येणे संभवते याचा अंदाज बांधत वाक्य रचतात, आणि म्हणून चुकीचे सालही बरोबर सालाइतक्याच ठामपणे सांगतात.

मोबाइल काढून घेण्याने फारसे साधेल असे वाटत नाही. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात ती मागे घेतली. बाईंनाही दोष देऊ नये. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचे साधन खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने काढले होते, पण ते पुरेसे अचूक नसल्याने जुलै २०२३ मध्ये तिलाच ते बंद करावे लागले; मग तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यासमोर बसलेल्या शिक्षिकेने ते कसे ओळखावे?

माझे मत असे की, वापरास हरकत नाही, मात्र पहिला कच्चा मसुदा मुलीचाच असावा. शब्द न सुचणे, लिहिलेले खोडणे, परिच्छेद मागेपुढे करणे यांतूनच निबंध लिहिता येऊ लागतो, आणि पुढच्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत तिच्या हाती केवळ पेन असणार आहे. मसुदा झाल्यावर ‘यातील कोणते विधान पुराव्याविना आहे?’ असे तिने यंत्राला खुशाल विचारावे. गणितातही आधी स्वतः प्रयत्न करावा आणि अडेल तेथे पूर्ण उत्तर न मागता केवळ पुढची पायरी समजावून घ्यावी. मराठी वाक्यरचनेबाबत मात्र त्याचा शब्द अखेरचा मानू नये. त्यात कित्येकदा हिंदी वळणाची वाक्ये डोकावतात.

वयाचा मुद्दाही आहेच. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणाऱ्याचे वय किमान १३ असावे लागते आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची संमती लागते. म्हणजे निर्णय आपल्याच हाती आहे. संमती देताना नाव, पत्ता, छायाचित्रे तेथे न देण्याचेही बजावावे.

हा निबंध तिने बाईंना खरे सांगून पुन्हा लिहावा. सालाची खातरजमा शाळेच्या ग्रंथालयातील चरित्रग्रंथांवरून करता येईल.