पोरगं पास झालं, पेढे वाटले, आणि ते खोलीत जाऊन बसलं

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो, मुलाचं जास्त कौतुक केलं तर त्याला टेन्शन येतं का? एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

देवगडकडचं कुटुंब, वडील आंब्याच्या बागेत कामाला. मुलगा सायन्सचा, ५४ टक्के. घरात बारावी झालेला पहिलाच, त्यामुळे बाबांनी नाक्यावर फ्लेक्स लावला, अख्ख्या वाडीत पेढे वाटले, आणि हा घराबाहेर पडेचना. आई वैतागलेली, "माझो झील पास झालो, तर आनंद पण दाखवूचो नाय काय?"

दाखवा की! पण मुलाशी एकट्याशी बोलले तेव्हा भलतंच निघालं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'घवघवीत यश' होतं, टक्के नव्हते, त्यामुळे त्याने ठरवून टाकलं की बाबांना ५४ची लाज वाटते म्हणून लपवले. त्यात आपला कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला, २०२५ला बारावीचा निकाल ९६.७४ टक्के, म्हणजे नुसतं पास होण्याचं इकडे कोणाला काही वाटत नाही आणि पेढा तोंडात टाकता टाकता जो तो विचारणार, किती पडले, आता पुढे काय.

बाबांना विचारलं तर ते चाटच पडले. "ता दुकानवाल्यान तयारच घातल्यान, माका काय म्हायत? ह्येच्या आज्यान जन्मभर अंगठो लावल्यान, आणि हो बारावी झालो!"

हे पोराला कधी सांगितलंत? तर गप्प. अख्ख्या नाक्याला सांगून झालं होतं, त्याला सोडून. मग तिथेच समोर बसवून बोलायला लावलं, दोघेही जाम अवघडले होते, पण बोलले.

तर अभिमान लपवू नका, फक्त स्टेटस किंवा फ्लेक्स टाकायच्या आधी त्याला विचारा आणि नेमकं कशाचं कौतुक वाटतं ते त्याच्या तोंडावर बोला. त्याच वाक्याला "आता इंजिनियर हो" चिकटवू नका, मुलाला मग तेवढंच ऐकू येतं. ॲडमिशनच्या तारखा असतात हे मान्य, त्यासाठी वेगळं बसा. हा मुलगा पुढे आयटीआयला जातो म्हणाला, घरात वाजलंच, पण निदान बोलून वाजलं.

मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल तर 'होईल ठीक' म्हणत थांबू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीपण लागतो.