रामबागेतला कपटा आणि बंगालचा उपसागर

प्रश्न : आमच्या इंदुरात कचरा ओला-सुका वेगळा होऊन रोज गाडीत जातो आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर आहे. मग समुद्रातल्या प्लास्टिकसाठी आम्ही दुधाच्या पिशव्या आणि चहाचे पेले यांचा हिशेब का ठेवावा?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या नळाला नर्मदेचे पाणी येते, म्हणून सांडपाणीही अरबी समुद्राकडे जात असावे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी दिसणारी कान्ह नदी उत्तरेकडे वाहत उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागराजला गंगेस. म्हणजे रामबागेतला कपटा निघाला तर बंगालच्या उपसागराकडे निघतो. प्रत्येक कपटा तिथवर पोहोचतो असे नव्हे. पुष्कळसे प्लास्टिक काठच्या झुडपांत अडकते, गाळात रुतते आणि एखाद्या पुरात पुन्हा सुटते. वाटेत उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे तुकडे होत राहतात, पण ते विरघळत मात्र नाही. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या हिशेबात किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आतलीच वस्ती धरली होती. आपण त्यात नव्हतोच!

कचरागाडीची शिस्त मोलाची आहे, परंतु तिच्या हाती लागते ते मोठे आणि कोरडे प्लास्टिक; दुधाच्या पिशवीचा कापलेला चिमुकला कोपरा मोरीतून सहज निसटतो. तो पूर्ण न तोडता पिशवीलाच लोंबता ठेवावा आणि पिशवी विसळून, वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावी.

पेल्यांबाबत थोडी फसगत होते. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांवर देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेल्या कागदी पेल्याला मात्र बहुधा आतून प्लास्टिकचे पातळ अस्तर असते, त्यामुळे तो रद्दीत धड चालत नाही. घरच्या कार्यक्रमाला स्टीलचे पेले काढावेत, धुण्याचे काम वाढले तरी. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटण्याची आपल्याकडे पडलेली रीत तर मला मुळीच पटत नाही. त्याऐवजी कापडी पिशवी दिली, तर निदान ती भाजी आणायला उपयोगी पडते.