फाटक लोंबू नये म्हणून आधी खांब बघा

भाऊ, फाटक विकत घेण्याआधी खांबाचा विचार करा. तुमची जमीन काळी आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू फाटकाच्या बाजूला झुकतो. माझं पहिलं फाटक एकाच पावसाळ्यात असं लोंबलं की रोज उचलून उघडावं लागायचं. खांब दीडच फूट गाडला होता. बारा फुटी फाटकाला किमान तीन फूट खोल जा, शक्यतो खालचा मुरूम लागेपर्यंत. ओळंबा लावून काँक्रीट भरा आणि आठ-दहा दिवस पाणी मारल्याशिवाय फाटक टांगू नका. घाई होते, मला माहीत आहे, पण एवढं ऐकाच.

बिजागऱ्यांच्या खुंट्या (ज्यांवर फाटक टांगतं आणि फिरतं ते गज) खांबाच्या मधोमध नकोत, शेताकडच्या तोंडावर बसवा. म्हणजे फाटक पूर्ण मागं वळून कुंपणाला टेकतं आणि उसाची ट्रॉली वळताना अडत नाही. उघडायचं आतच, रस्त्यावर नाही.

आता सुरक्षेचं. खालची खुंटी वर तोंड करून आणि वरची खाली तोंड करून वेल्ड करा. दोन्ही वर असल्या तर कुलूप तसंच राहतं आणि कुणीही फाटक अलगद उचलून बाजूला ठेवतं.

तिरपा आधार खालच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवा. वेल्डरला हे खडूनं आखून दाखवा. खाली वीतभर जागा सोडा, गवत-चिखल अडकत नाही.