वर्कशॉपच्या छतावरून लोंबणाऱ्या वायरला कोणता सॉकेट बॉक्स लावावा?
भिंतीवर बसवायचा पत्र्याचा बॉक्स कृपया लटकवू नका. नॉकआउटच्या (वायर आत घ्यायला ठोकून पाडायच्या चकतीच्या) भोकाची धार वायरचं आवरण हळूहळू कापते, आणि अर्थिंग तुटलेलं असेल तर अख्ख्या बॉक्सलाच करंट येतो. जाड रबराचा किंवा पॉलिकार्बोनेटचा, नॉकआउट नसलेला बंद बॉक्स घ्या.

त्याहून महत्त्वाची केबल ग्लँड (वायर बॉक्समध्ये शिरते तिथे तिला आवळून धरणारी पकड). ओढ तिनेच झेलायची, टर्मिनलच्या स्क्रूंनी नाही. अमेरिकेच्या वीजसंहितेतही लोंबत्या बॉक्सच्या वायरवर ताण येऊ न देण्याची अट आहे. माणसं हटकून वायर धरूनच प्लग ओढतात, त्यामुळे छताकडच्या टोकालाही पक्की पकड द्या. १६ अँपिअरला तीन कोअरची २.५ चौरस मिमी तांब्याची फ्लेक्सिबल केबल पुरते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) मात्र हवाच.